तापीच्या खोऱ्यात घराचं काँक्रीट: उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा असेल तर

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे जळगाव, भुसावळ, चोपडा, अमळनेर या भागात, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी हवेत ओलावा जवळजवळ नसतो आणि वर कोरडा वारा असतो. आणि नेमके याच दिवसांत, आखाजी (अक्षय तृतीया) झाली की मृग लागेपर्यंत, गावोगावी स्लॅब पडतात. त्याला कारणं आहेत. शेत रिकामं असतं, मजूर मिळतात, पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं असतं. त्यामुळे 'उन्हाळ्यात स्लॅब टाकू नका' असं सांगून भागत नाही. तो कसा टाकायचा ते सांगायला हवं.

पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांचा एक गैरसमज आधी दूर करतो. 'ऊन कडक आहे, स्लॅब लवकर सुकेल, बरंच झालं' असं सर्रास बोललं जातं. काँक्रीट सुकून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि ती क्रिया पुढे चालू राहायला आत पाणी टिकावं लागतं. पाणी उडून गेलं की क्रिया तिथेच थांबते. वरून कडक दिसणारा स्लॅब आतून अर्धाकच्चा राहतो, वरचा थर भुसभुशीत होतो, त्यातून पाणी झिरपतं आणि काही वर्षांनी सळई गंजून छताचे पापुद्रे पडायला लागतात. आपल्या खोऱ्यात काँक्रीटचं सगळं नियोजन पाण्याभोवती करायचं: किती घालायचं, किती उडू द्यायचं नाही, आणि नंतर किती दिवस द्यायचं.

तारीख ठरवण्याआधी पाणी मोजा

मुहूर्त, मजूर आणि पैसा हे सगळे बघतात. पाण्याचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून तो आधी करू. समजा स्लॅब १,००० चौरस फुटांचा आहे, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर कडेने पाळी (बुटका बांध) घालून ५ सेंटीमीटर पाणी साठवायचं तर सुमारे ४,६५० लिटर लागतं. म्हणजे एक लहान टँकर एका भरणीतच गेला. पुढे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ९३० लिटर परत भरावे लागतात. हे किमान दोन आठवडे चालणार आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल आणि बोअर एप्रिलमध्येच धापा टाकत असेल, तर टँकरवाल्याशी बोलणी स्लॅबच्या आधी करा आणि ते पैसे बजेटमध्ये स्वतंत्र लिहून ठेवा. पाण्याची सोय होत नसेल तर सरळ सांगतो, स्लॅब पुढे ढकला. पावसाळ्यातल्या उघडिपीत, ताडपत्री हाताशी ठेवून टाकलेला स्लॅब मे महिन्यातल्या तहानलेल्या स्लॅबपेक्षा कितीतरी चांगला.

पाणी कसलं आहे तेही बघा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, आणि इतर ठिकाणीही खोल बोअरचं पाणी मचूळ लागतं. अशा पाण्यातले क्षार सळईला गंज आणतात. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि सामू (पीएच) ६ च्या खाली नको. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला फार खर्च येत नाही. क्युरिंगला, म्हणजे नंतर काँक्रीट ओलं ठेवायलाही, तेच पाणी वापरणार असाल तर ही तपासणी टाळू नका.

काळी जमीन: पायात हयगय नको

खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावर टेकवलं तर तेही दरवर्षी खालीवर होतं, आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा निघतात. अशा चिरा लांबी (पुट्टी) भरून कितीही वेळा बुजवा, पुढच्या वर्षी परत येतात.

उपाय तीन. फुटिंग (कॉलमखालचा पाया) काळ्या मातीत थांबवू नका, खालच्या घट्ट मुरुमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा पर्याय आहे. खाली फुगीर कंद असलेले हे खांब अशाच जमिनीसाठी वापरतात, आणि रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यावर मोठं काम केलं आहे. त्यावर येणारा प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा बीम) मातीवर टेकवायचा नाही, खाली थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे फुगलेली माती बीमला वर ढकलत नाही. दुसरं, जोत्यात खणलेली काळी माती परत भरू नका. ट्रॅक्टरचे पैसे वाचतात म्हणून हे होतं आणि मग हॉलची फरशी मधोमध उचलली जाते. भर मुरुमाचीच, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. तिसरं, घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला पट्टा करा, म्हणजे पायाजवळची माती एकदम भिजणार नाही आणि एकदम सुकणारही नाही. मोठी झाडं पायापासून लांब लावा, त्यांची मुळं उन्हाळ्यात मातीतला उरलासुरला ओलावा ओढून घेतात.

कॉलमचं अंतर, सळईचा व्यास, स्लॅबची जाडी हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. 'शेजारच्यांनी तेवढंच टाकलं' हे डिझाइन नव्हे.

माल

सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) घ्या असं माझं मत आहे. त्यात फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) असते, उष्णता हळूहळू निघते आणि आपल्या हवेत तेच बरं. मात्र ते सावकाश ताकद धरतं, त्यामुळे पाणी जास्त दिवस मारावं लागतं. ही अट मान्य नसेल तर पीपीसीचा फायदा मिळणार नाही. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष बघून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुना माल तपासल्याशिवाय वापरू नका. गोण्या सावलीत, फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा.

वाळू नदीची असो की क्रश सँड, तिच्यात माती किंवा भुकटी जास्त असेल तर ती पाणी पिते आणि मिक्सरवाला पाणी वाढवत राहतो. काचेच्या ग्लासात मूठभर वाळू, वर पाणी, हलवून तासभर ठेवा. वाळूवर मातीचा जाड थर बसला तर ती गाडी परत पाठवा.

घरासाठी आरसीसीचा किमान ग्रेड एम-२०. साइटवर मापाने करायचं तर सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३, आणि त्याला घनमीटरला सुमारे आठ गोण्या लागतात. माप घमेल्याने करू नका. घमेलं कोण भरतंय त्यावर ते बदलतं. सव्वा घनफुटाची, म्हणजे एका गोणीच्या मापाची, लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्या.

आता पाण्याबद्दल, कारण बहुतेक स्लॅब इथेच बिघडतात. एका गोणीला २५ ते २७ लिटर पाणी पुरेसं असतं. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. प्रत्यक्षात मात्र मिक्सरच्या तोंडाशी एक पाइप सोडलेला असतो आणि पाणी अंदाजाने पडत राहतं. तो पाइप बंद करा. दोन बादल्यांवर रंगाने रेघ मारून घ्या आणि मोजून पाणी द्या. दुपार चढली की वरून आवाज येणारच, 'भाऊ, माल जड येतोय, पाणी सोडा थोडं.' त्या वेळी सोडलेलं प्रत्येक जादा लिटर ताकद कमी करतं आणि नंतरच्या चिरा वाढवतं. माल हलका हवा असेल तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. उन्हाळ्यासाठी माल उशिरा सेट होईल असा रिटार्डर प्रकार मिळतो. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात तो पाण्यातच मिसळून घालायचा. जास्त झाला तर माल दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतो.

माल थंड ठेवणं

उष्ण हवेतल्या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ७८६१, ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर नको. आपल्याकडे खडीचा ढीग दुपारी त्याहून गरम असतो, मग माल थंड कसा येणार?

एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. काँक्रीट अर्धा अंश थंड करायचं असेल तर खडी-वाळू एक अंशाने थंड करावी लागते, किंवा पाणी दोन अंशांनी, किंवा सिमेंट चार अंशांनी. म्हणजे सर्वात जास्त फायदा खडीवर सावली करण्यात आहे. ढिगावर हिरवी जाळी किंवा ताडपत्री उंच बांधा, खाली हवा खेळू द्या. खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा. ते उडताना खडी थंड होते, आणि तहानलेली खडी मालातलं पाणी ओढून घेत नाही. फक्त ढिगाच्या तळाशी पाणी तुंबू देऊ नका.

त्यानंतर पाणी. काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत दिवसभर तापलेलं पाणी स्लॅबला वापरणं म्हणजे कढत पाण्याने कणीक मळणं. जमिनीतला हौद उत्तम, नाहीतर टाकीला ओलं बारदान गुंडाळा. बर्फाच्या लाद्या टाकता येतात, पण मिक्सरमध्ये पाणी जाण्याआधी बर्फ पूर्ण विरघळलेला हवा, नाहीतर स्लॅबमध्ये पोकळ्या राहतील.

कोणत्या वेळी सुरू करायचं

माझा स्पष्ट आग्रह संध्याकाळचा आहे. बहुतेक ठिकाणी सकाळी सातला नारळ फोडून काम सुरू होतं आणि शेवटचा कोपरा दुपारी दोनला, भर उन्हात भरला जातो. सकाळी टाकलेल्या भागात सिमेंटची स्वतःची उष्णता वाढत असते, तेव्हाच वरून सूर्य तापवतो. संध्याकाळी सहा-सातला सुरू केलं तर पहिले नाजूक तास रात्रीत निघतात आणि ऊन चढायच्या आत तुम्हाला स्लॅब झाकायला वेळ मिळतो. रात्रीच्या कामाला गँग थोडे जास्त पैसे मागेल, ते द्या. हॅलोजन, जनरेटर, चढायच्या फळ्यांना कठडे आणि वीजतारांपासून अंतर ही तयारी मात्र चोख हवी. रात्री जमतच नसेल तर पहाटे तीनला सुरू करून नवाच्या आत संपवा.

वेळेचं गणित मिक्सरवरून करा. पाच इंची, हजार चौरस फुटांचा स्लॅब बीम सोडून सुमारे १२ घनमीटर, म्हणजे जवळपास शंभर गोण्या. एक गोणी घेणारा मिक्सर तासाला दहा-बारा गोण्यांचा माल काढतो. म्हणजे एका मिक्सरवर आठ-दहा तास, आणि वर बीम वेगळे. दोन मिक्सर लावा. त्यातला एक बंद पडला तरी काम थांबत नाही. उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं, कारण अर्धा तास थांबलं तरी आधीचा माल आवळतो आणि नव्या-जुन्या मालाचा जोड कच्चा राहतो. पहिल्या पावसात छत गळतं ते बहुधा अशा जोडातून. आरएमसी (प्लँटमधून तयार येणारं काँक्रीट) मागवत असाल तर प्लँटपासून तुमच्या गावापर्यंतचा रस्ता किती वेळाचा आहे ते विचारा. माल भरल्यापासून दोन तासांत ओतून व्हायला हवा, आणि गाडी उभी राहिली म्हणून ड्रायव्हरने ड्रममध्ये पाणी सोडलं तर तो माल घेऊ नका.

ओतण्याआधीची फेरी

स्वतः वर चढून बघा. स्लॅबच्या सळईखाली २० मिलिमीटर, बीमखाली २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हवं. खडीचे तुकडे ठेवून कव्हर देत असतील तर थांबवा, सिमेंटचे कव्हर ब्लॉक लावायला सांगा. गॅलरी आणि छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. मजूर घमेली घेऊन तिच्यावरून चालले की ती खाली दबते आणि गॅलरीची ताकदच जाते. तिथे सळईच्या खुर्च्या जवळजवळ लावा आणि चालायला वेगळी फळी टाका.

मग सेंट्रिंगच्या (माल ओतायच्या साच्याच्या) प्लेटवर तळहात ठेवून बघा. चटका बसून हात उचलावा लागला तर प्लेट आणि सळई दोन्हीवर थंड पाणी मारा आणि साचलेलं पाणी काढून टाका. संध्याकाळीसुद्धा हे करावं लागतं, लोखंड उशिरापर्यंत तापलेलं असतं. प्लेटांच्या फटी टेपने बंद करा, त्यातून सिमेंटचं पाणी गळतं.

व्हायब्रेटर दोन ठेवा. सुई उभी घालायची, बुडबुडे थांबले की सावकाश वर ओढायची. सुईने माल ढकलत नेऊ नका.

पहिले काही तास

ओतलेल्या मालावर पाण्याची चकाकी दिसते. मिस्त्री फळी मारून पुढे जातो आणि ही चकाकी बघता बघता उडते, वाऱ्याच्या बाजूने आधी. ती गेली की पृष्ठभाग आक्रसायला लागतो आणि केसासारख्या, एकमेकींना समांतर चिरा दिसतात. तासाला चौरस मीटरमागे एक किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागलं की हा धोका असतो. त्याला ऊन लागतंच असं नाही. कोरडा वारा आणि गरम माल असला तर रात्रीही होतं.

म्हणून वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा बांधा. फिनिशिंग झालेला प्रत्येक खण लगेच प्लॅस्टिकने झाका, पांढरं मिळालं तर उत्तम, काळं उन्हात तापतं. कडांवर विटा ठेवा. फवारणीचा पंप, नवा किंवा स्वच्छ धुतलेला, हाताशी ठेवा आणि स्लॅबच्या वरच्या हवेत धुक्यासारखं पाणी सोडा. धार मारू नका, सिमेंट धुऊन जातं. माल अजून मऊ असताना चिरा दिसल्या तर घाबरू नका, त्याच जागी थापीने ठोकून परत रंधा मारला की त्या मिटतात. वर नुसतं सिमेंट भुरभुरवून झाकणं मात्र चुकीचं, तो थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

पुढचे चौदा दिवस

आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या उष्ण हवेत आणि फ्लाय ॲश असलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं, आणि फ्लाय ॲश असताना ते चौदापर्यंत वाढवण्याची शिफारस करतं. आपलं सिमेंट पीपीसी, हवा कोरडी आणि उष्ण. म्हणून चौदा दिवस धरूनच चाला.

स्लॅबवर पाळी घालून पाणी साठवणं सर्वात खात्रीचं. पाळी पातळ मसाल्याची करा, काळ्या मातीची नको, ती रात्रीत फुटते. पहिलं पाणी सकाळी ऊन लागायच्या आत सोडा. दुपारी तापलेल्या स्लॅबवर एकदम थंड पाणी ओतलं तर वरचा थर आकसून तडकतो. पाणी कमी असेल तर बारदान अंथरून ओलं ठेवा आणि वर प्लॅस्टिक पसरा. तसं केलं तर फार थोड्या पाण्यात काम होतं. सकाळ-संध्याकाळ पाइप मारून मधे दिवसभर कोरडं पडू देणं हे क्युरिंग नव्हे.

कॉलमकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ते चारही बाजूंनी उघडे, वाऱ्यात उभे असतात आणि त्यांवर पाणी थांबत नाही. फळ्या काढल्या की लगेच बारदान गुंडाळून सुतळीने बांधा, वर प्लॅस्टिक गुंडाळा, वरच्या टोकातून पाणी सोडत राहा. घरातल्या एका माणसाच्या नावावर हे काम लावा. ठेकेदार 'पोरगा मारतो पाणी' म्हणतो, त्या पोरग्याला त्याच दिवशी दुसऱ्या साइटवर पाठवलेलं असतं.

सेंट्रिंग, क्यूब, गच्ची

स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर साध्या सिमेंटसाठी टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीमखाली सहा मीटरपर्यंत १४, पुढे २१. पीपीसी असल्याने त्यात काही दिवस वाढवा आणि इंजिनिअरला विचारूनच काढा. सेंट्रिंगवाला भाड्यासाठी घाई करेल. गॅलरीचे टेकू मोकळ्या टोकापासून आत काढत यायचे, उलट नाही.

ताकद तपासायला स्लॅबच्या मालातून १५ सेंटीमीटरचे क्यूब (ठोकळे) भरून घ्या. सहा ते पंधरा घनमीटर कामाला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. पहिला दिवस ओल्या बारदानाखाली सावलीत, मग पाण्यात. उन्हात पडलेल्या क्यूबचा अहवाल काहीच सांगत नाही. २८ दिवसांनी तपासणी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा खासगी लॅबमध्ये होते का ते आधी विचारून ठेवा, आणि ठेकेदाराशी करार करतानाच ही अट लिहा.

अंगणाचा कोबा एका तुकड्यात टाकू नका. चार इंच जाडीला अडीच-तीन मीटरवर जोड ठेवा, एक सोडून एक खण भरा. भिंतीला लागून पट्टी सोडा, उन्हात फुगायला त्याला जागा लागते.

गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा करताना उतार पाणी जाण्याच्या पाइपाकडे नीट मिळतोय ना ते बादलीभर पाणी ओतून बघा. त्यावर चिनी मोझॅकचे पांढरे तुकडे बसवले किंवा दर फाल्गुनात चुन्याचा हात मारला, तर खालच्या खोलीत फरक जाणवतो. जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीचं छत ऊन अडवायचं. पाच इंची स्लॅबला ते जमत नाही, म्हणून पांढरा रंग आणि जाड कोबा दोन्ही करून घ्या, पण स्लॅबचे चौदा दिवस पूर्ण झाल्यावरच.